विन हिलवर एकदा जाऊन बघा

संपादक महोदय,

मुलांकडे युकेला येणारे आपले आईबाबा लंडन, म्युझियम, शॉपिंग करून परत जातात याचं फार वाईट वाटतं, कारण शेफील्डहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत बॅमफर्डला उतरलं की पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानातली विन हिल ही टेकडी जवळच आहे. उंची फक्त ४६२ मीटर, पण पार्किन क्लफच्या ओढ्याकाठची वाट एकदम खडी, नुसती मुळं आणि ओले दगड, गुडघे कुरकुरत असतील तर होप गावाकडून चढा. झाडी संपली की मोकळा माळ, ऑगस्टमध्ये हेदरची बुटकी झुडपं फुलून अख्खा जांभळा झालेला, आणि टोकाला ग्रिटस्टोनचे खडक, हाताला सँडपेपरसारखे खरखरीत. वरून किंडर स्काउटचं पठार दिसतं, स्टॅनेजचा कडा दिसतो आणि खाली लेडीबॉवरचं धरण, ज्याच्या पाण्यात १९४०च्या दशकात डरवेंट आणि अ‍ॅशॉपटन ही गावं गेली (धरणग्रस्तांचं दुःख आपल्याला वेगळं सांगायला नको). एक कळकळीची विनंती, माळावर बार्बेक्यू पेटवू नका, खालची पीट माती (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची) एकदा पेटली की आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहते. आणि वर वारा जबरदस्त असतो, उन्हाळ्यातही विंडचीटर न्याच.

– एक वाचक, शेफील्ड