घटकाभर टेकायला जागा हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ताणतणाव, मनःशांती आणि ‘वर्तमानात जगणे’ या विषयांवर हल्ली पुरवण्यांतून बरेच लिहिले जाते. ते लिहिले जावे, कारण माणसे थकलेली आहेत हे खरेच आहे. मात्र या बहुतेक लेखनात आनंद ही प्रत्येकाने आपापल्या मनात एकट्यानेच करायची मशागत आहे, असे धरून चाललेले दिसते. मला त्यात एक भर घालायची आहे. रोजच्या जगण्यातला साधा, न मागता मिळणारा आनंद अनुभवायला माणसाला घटकाभर मोकळा वेळ लागतो आणि तेवढा वेळ टेकायला जागा लागते. वेळ ज्याचा त्याने काढायचा. जागा मात्र गावाने द्यायची असते. नगरपालिकेने, गृहनिर्माण संस्थेने, दुकानदाराने, शेजाऱ्याने द्यायची असते, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तीच हळूहळू काढून घेतली गेली आहे. हे पत्र त्यासाठी.

मी वाईची. तीस वर्षे मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. त्यानंतर घरातले मोठे आजारपण निभावले, मग एकटेपण आले आणि त्यापाठोपाठ रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. मुलाने मोठ्या मायेने माझ्या मोबाइलवर ध्यानाचा एक अभ्यासक्रम घालून दिला आणि त्याचे वर्षाचे पैसेही भरले. रोज सकाळी घंटा वाजे, एक शांत आवाज श्वासाकडे लक्ष द्यायला सांगे आणि शेवटी आज सलग कितवा दिवस, तो आकडा पडद्यावर उमटे. एकविसाव्या दिवशी पाहुणे आल्यामुळे माझा पाठ राहिला आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा पुन्हा एकावर आला. त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटले, आणि ज्या गोष्टीने मन हलके व्हायचे तिनेच ते जड केले हेही लक्षात आले. अशा साधनांचा ज्यांना उपयोग होतो त्यांना तो जरूर व्हावा. माझ्या वाट्याला मात्र आणखी एक गृहपाठ आला होता.

त्याच सुमारास एका संध्याकाळी आमच्या कृष्णाकाठच्या ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन निघताना, लहानपणापासूनच्या सवयीने, मी पायरीवर टेकले. दर्शन झाले की लगेच पाठ फिरवून चालू लागायचे नाही, क्षणभर पायरीवर बसायचे आणि मग उठायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. आईला मी लहानपणी तिचे कारण विचारी तेव्हा ती एवढेच म्हणे, ‘देवाला भेटून आलीस ना, मग लगेच कुठे पळतेस?’ त्या दिवशी वीज गेलेली होती आणि घरी कोणी वाट पाहणारे नव्हते, म्हणून मी क्षणभरानंतर उठले नाही. घाटाकडे सरकून बसून राहिले.

एप्रिल महिना होता. दिवसभर तापलेला काळा दगड सूर्य मावळल्यावरही ऊब धरून असतो आणि ती ऊब पातळातून हळूहळू वर येते, हे मला साठी उलटल्यावर कळले. (डिसेंबरात तीच पायरी इतकी गार असते की पदर दुमडून खाली घ्यावा लागतो.) पाण्यावर पाकोळ्या खाली-वर करत होत्या. एक मुलगा नारळाच्या काथ्याने सायकलची चाके घासत होता. समोरच्या काठावर एक बाई गोधडी धूत होती. भिजलेली गोधडी एकटीला पिळता येत नाही, म्हणून तिने पलीकडच्या बाईला हाक मारली. दोघींनी दोन टोके धरली, एकीने उजवीकडे आणि दुसरीने डावीकडे पीळ दिला आणि मधोमध आवळत गेलेल्या गोधडीतून पाण्याची जाड धार पायरीवर पडली. पीळ वाढत गेला तशी ती धार बारीक झाली, मग थेंबथेंब झाली, मग दोघींनी गोधडी झटकली. मी हे सगळे शेवटपर्यंत पाहिले. ते पाहताना मला काही आठवले नाही, काही ठरवायचे नव्हते, कसली काळजी वाटली नाही. वीज आल्यावर देवळातला दिवा लागला तेव्हा किती वेळ गेला हे पाहिले, तर अर्धा तासही झाला नव्हता.

पूर्वी आपण घड्याळाच्या मिनिटांनी दिवस मोजत नव्हतो. अहोरात्राच्या साठ घटका आणि एक घटका म्हणजे २४ मिनिटे. लग्नात मुहूर्त साधण्यासाठी पाण्यावर घटिकापात्र सोडत. त्याच्या बुडाला बारीक भोक असे आणि त्यातून पाणी शिरत शिरत ते बुडाले की घटका भरली असे समजत. भाषेत ती घटका अजून शिल्लक आहे. दारात आलेल्या माणसाला आपण आजही ‘घटकाभर टेका’ म्हणतो. दमल्या-भागल्या माणसाला किती विसावा पुरतो याचा अंदाज बांधून कोणी हा शब्दप्रयोग केला नसेल, तरी माझ्या अनुभवाशी तो बरोबर जुळतो. पात्र बुडायला लागतो तेवढा वेळ एका जागी बसले की मन आपोआप समोरच्या गोष्टीवर येते, त्याला ओढून आणावे लागत नाही.

पण त्यासाठी बसता तर यायला हवे. वाईकर या बाबतीत भाग्यवान आहेत. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेचा पूर तिच्यावर येऊन दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. ज्यांनी पुराचा एवढा विचार केला त्यांनी नदीकाठी बसणाऱ्या माणसाचाही केला. धुणे, स्नान, संध्या, उत्तरकार्य अशा सगळ्या कामांसाठी घाट बांधले, आणि काम संपल्यावर माणूस लगेच उठणार नाही हे ओळखून पायऱ्या निवांत बसता येईल अशा ठेवल्या. गावागावांत पिंपळाला पार होता, घराला ओटा होता, आत ओसरी होती, पडवी होती. या जागा कोणाच्या होत्या असे विचारले तर उत्तर देणे कठीण, कारण ओटा घराचा असला तरी त्यावर वाटसरूही टेकत असे आणि त्याला कोणी ‘कोण पाहिजे?’ असे विचारत नसे, पाणी मात्र विचारत असे.

आता रस्ता रुंद करताना पहिला बळी ओट्याचा जातो. पाराभोवती गाड्या उभ्या राहतात. दुकानांच्या कट्ट्यांवर कोणी बसू नये म्हणून टोकदार सळया बसवलेल्या मी शहरांतून पाहिल्या आहेत. काही ठिकाणी बसथांब्यावर बाकाऐवजी नुसती लोखंडी नळी असते. तिला पाठ टेकवून उभे राहता येते, बसता येत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर उभेही राहता येत नाही. पुण्यात मुलाकडे गेले असता त्यांच्या संकुलातल्या सुरेख हिरवळीजवळच्या कठड्यावर मी संध्याकाळी टेकले, तर पहारेकऱ्याने अदबीने येऊन ‘मावशी, इथं बसायला परवानगी नाही’ असे सांगितले. त्याच्या मागे पाटीच होती, ‘येथे बसू नये’. त्याचा काही दोष नव्हता, त्याला तसे सांगितलेले होते. पण शेकडो घरे असलेल्या त्या संकुलात व्यायामशाळा आहे, पोहण्याचा तलाव आहे, मनःशांतीचे वर्ग भरायला वातानुकूलित दालन आहे आणि म्हाताऱ्या माणसाला काहीही न करता टेकायला जागा नाही, हे मला सहन झाले नाही.

बायकांच्या बाबतीत तर ही उणीव फार जुनी आहे, आणि याविषयी बोलले जात नाही म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. पुरुषांना पार होता, कट्टा होता, आजही चहाची टपरी आहे. चार पुरुष तासभर नुसते बसले तर त्यांना कोणी कारण विचारत नाही. बाई एकटी बसली की दर पाच मिनिटांनी कोणीतरी थांबते. ‘कोणाची वाट पाहताय का?’ ‘बरं वाटत नाही का?’ ‘घरी सगळं ठीक ना?’ विचारणारे आपुलकीने विचारतात हे मला कळते, पण त्या प्रश्नांचा अर्थ एवढाच होतो की बाई विनाकारण बसलेली असू शकत नाही. आमच्या गावी कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव सात घाटांवर आळीपाळीने होतो. त्या दिवसांत मांडवात कीर्तन असते, हळदीकुंकू असते, महाप्रसाद असतो आणि बायका नदीकाठी तास-दोन तास मोकळेपणाने बसलेल्या दिसतात, कारण तेव्हा बसायला निमित्त असते. उत्सव संपला की त्या उठतात, त्या पुढच्या वर्षीच्या उत्सवापर्यंत. सुरुवातीचे काही महिने मीही हातात जपमाळ घेऊन बसत असे, म्हणजे कोणी काही विचारू नये. आता नेत नाही. बाजार उठल्यावर पाय धुवायला येणारी एक भाजीवाली हल्ली माझ्यापासून दोन पायऱ्या खाली बसते. आम्ही फारसे बोलत नाही. एकदाच तिने विचारले, ‘बाई, तुम्ही रोज काय बघता?’ मी म्हणाले, ‘आज तर ती खंड्या पक्ष्याची जोडी.’ तिनेही मग ती पाहिली.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ओट्यावर बसून मेथी निवडणाऱ्या, तांदळातले खडे काढणाऱ्या आमच्या आया निवांत दिसत, पण तो त्यांचा कामातलाच विसावा होता आणि तो संपला की चूल वाट पाहत असे. निवांतपणा आजही सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, रस्ता झाडणारे कामगार, घरोघर पार्सल पोहोचवणारी मुले यांना जो काही मोकळा वेळ मिळतो तो दुपारी, दोन कामांच्या मधे. आणि अनेक शहरांतली सार्वजनिक उद्याने नेमकी तेव्हाच बंद असतात. सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी उघडतात, दुपारी कुलूप लागते आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. झाडांच्या सावलीची खरी गरज भर दुपारी असते. ज्याच्याकडे घर आणि पंखा आहे त्याच्यासाठी उद्यान उघडे आणि ज्याला सावली हवी त्याच्यासाठी बंद, ही व्यवस्था आपण इतकी वर्षे मुकाट्याने कशी मान्य केली?

असे काही सुचवले की लगेच उत्तर येते की बाके ठेवली, उद्याने उघडी ठेवली, तर तिथे रिकामटेकडे जमतील. या शब्दाचाच मी पुष्कळ दिवस विचार करते आहे. रिकामे असणे आणि टेकणे या दोन निरुपद्रवी गोष्टी त्यात ऐकू येतात आणि दोन्ही एकत्र आल्या की आपण त्याची शिवी करतो. त्रास देणारी टोळकी असतात, दारूच्या बाटल्या फुटतात, हे मी नाकारत नाही. घाटावर त्या काचा मी स्वतः वेचल्या आहेत. पण अनुभव असा आहे की ज्या जागी दिवा आहे आणि जिथे आजोबा, लेकुरवाळ्या बाया, भाजीवाल्या बसतात, तिथे टोळकी फार काळ ठरत नाहीत. चांगल्या माणसांनी सोडून दिलेल्या जागा ती धरतात.

नियमांची अडचण नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाचा विकास करताना १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. जागा सोडली जाते. तिच्यावर शोभेची झाडे लागतात, कुंपण येते, कधी कुलूपही येते. या मोकळ्या जागेत पाठ टेकता येईल अशी, सावलीतली बाके असलीच पाहिजेत, असा आग्रह परवानगी देणाऱ्या यंत्रणेने धरावा. नगरपालिकांनी उद्याने दुपारी उघडी ठेवावीत आणि प्रत्येक प्रभागातले मोडके पार आधी दुरुस्त करावेत. नवे सुशोभीकरण नंतर झाले तरी चालेल. आमच्याच गावात मंडईकडून घरी येताना मला एक पार लागतो. त्याचे दोन दगड निखळले आहेत आणि उरलेल्या भागावर जाहिरातीचा फलक टेकवून ठेवलेला असतो. दोन दगड आणि थोडा चुना यांना लागणारा पैसा कोणत्याही नगरपालिकेला जड नसावा.

एक विनंती आपल्याकडेही आहे. वाचकांनी आपापल्या गावातली बसायची कोणती जागा मोडली, कुठे सळया आल्या, कुठे ‘बसू नये’ची पाटी लागली, आणि त्याचबरोबर कुठे अजून निवांत बसता येते, हे चार ओळींत आपल्याला कळवावे आणि आपण ती पत्रे या सदरात छापावीत. संध्याकाळी सहानंतर घाटावर वर्तमानपत्र घेऊन येणारे दोघे-तिघे आहेत. त्यांना मी ती वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)