माईक घे, दिन्या

विश्रामबाग, सांगली
रविवार, सकाळ

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

पेठेतल्या पोरांनी तुला फुटबॉल मॅचचं समालोचन करायला सांगितलं, आणि परवा तू ‘मला आवाज कुठाय लेका, दुसरा कोणतरी बघा म्हणावं’ म्हणून फोन ठेवून दिलास. फोनवर तुझ्याशी वाद घालायचा म्हणजे पुरात आयर्विन पुलावरून उडी टाकण्यातला प्रकार. म्हणून कागद काढला. आता मध्ये बोलता यायचं नाही तुला.

२०१३ च्या हिवाळ्यात मी इंग्लंडात प्रेस्टनला पोरीकडे होतो, आठवतंय? चार वाजता अंधार, बाहेर बारीक पाऊस, आणि जावयाच्या गाडीत रेडिओवर फुटबॉलची मॅच. एक जण सुसाट बोलायचा. तो दमला की दुसरा एक म्हातारा आवाज यायचा. अगदी सावकाश, कट्ट्यावर चहाचा कप हातात धरून बोलावं तसा. गोल झाला की पहिला ओरडायचा, आणि म्हातारा एवढंच सांगायचा की बॅक दोन पावलं आत सरकला होता, फट तिथं पडली. संपलं. मला निम्मं इंग्रजी कळायचं नाही, पण मैदान दिसायचं. बाळ पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन आपण ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकायचो ना, तेव्हा दिसायचं तसं. तेही आधी स्वतः रणजी खेळलेले.

जावई म्हणाला, हा जिमी आर्मफिल्ड.

आणि गड्या, हा तुझ्याच जागेवरचा! उजवा बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचाव सांभाळणारा. १९५४ ते १९७१ एकाच क्लबात, ब्लॅकपूलला. ६२७ सामने. इंग्लंडकडून ४३, त्यातल्या १५ सामन्यांत कप्तान. सुरुवातीची काही वर्षं त्याच्या पुढ्यात उजव्या बगलेला कोण, तर इंग्लंडचा गाजलेला विंगर स्टॅन्ले मॅथ्यूज. त्या काळी बॅकनं आपली जागा सोडायची नाही असा शिरस्ता, पण हा बाहेरच्या अंगानं मॅथ्यूजच्याही पुढं पळायचा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तू असाच पुढं पळालास म्हणून तुझ्या कोचनं हाफटाइमला सगळ्यांसमोर तुझी काढली होती. आता त्यालाच ओव्हरलॅप म्हणतात आणि पोरांना मुद्दाम शिकवतात. आर्मफिल्ड चिलीत १९६२ चा वर्ल्डकप खेळून आला, तेव्हा जगातला सर्वांत चांगला उजवा बॅक म्हणून त्याचं नाव झालं होतं.

१९६६ ला इंग्लंडनं कप जिंकला. हा संघात होता, पण दुखापतीमुळं एकही सामना खेळला नाही. पदकं फक्त फायनलला मैदानात उतरलेल्या अकरा जणांना! बाकीच्यांना मिळाली ती २००९ साली. त्रेचाळीस वर्षांनी. तू एका ट्रॉफीवरून अजून धुसफुसतोस, म्हणून सांगितलं.

नंतर लीड्स क्लबचा मॅनेजर झाला, १९७५ ला युरोपातल्या क्लबांच्या युरोपियन कपच्या फायनलपर्यंत संघ नेला. पॅरिसमध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून ०-२ हरले. ते असो.

खरी गोष्ट पुढं आहे. बीबीसी रेडिओवर तो तीस वर्षांहून जास्त बोलला. २००७ ला त्याच्या घशातच कॅन्सर निघाला. घशात, दिन्या! उपचार घेतले आणि परत माईकसमोर येऊन बसला. आणि तू मला आवाजाचं सांगतोस.

२०१८ च्या जानेवारीत तो गेला, ८२ वर्षांचा होऊन. मे महिन्यात मी परत पोरीकडे गेलो, तेव्हा हट्टानं ब्लॅकपूलला जाऊन आलो. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. समुद्राचा वारा असला, की माझी माकडटोपी उडून रस्त्यावर. ती एका आजोबांनी उचलून दिली. गळ्यात नारिंगी मफलर, क्लबचा रंग तोच. मी पुतळ्याकडे बोट दाखवून ‘रेडिओ, रेडिओ’ म्हटलं, तर गडी खुलला. म्हणाले, वडिलांनी त्याला खेळताना पाहिलं, पोरानं रेडिओवर ऐकलं, आणि मी चर्चमध्ये. आर्मफिल्ड तिथं ऑर्गन वाजवायचा. मग आजोबांनी हवेत दोन्ही हातांची बोटं नाचवून दाखवली आणि डोळे पुसले. वाऱ्यानं असेल. माझेही पुसले.

तुमच्या पेठेतली पोरं ओरडणारा माणूस कुठनंही आणतील. हलगी आहे, शिट्ट्या आहेत, ओरडायची कमी कोल्हापुरात कधी होती? फट कुठं पडली हे सांगणारा लागतो. ते तुला दिसतं. टीव्हीवर मॅच बघताना तू गोलाच्या आधीच ‘गेला’ म्हणतोस, वहिनी साक्षीला आहेत.

तेव्हा त्या पोरांना हो म्हणून टाक. युट्यूबवर दाखवणार आहेत म्हणे, पण मी येणारच. सकाळच्या एसटीनं निघतो, भडंग आणतो. पहिल्या हाफला शेजारी बसतो. मध्ये मध्ये बोललो तर कोपर मार.

तुझा,
अव्या