आरोग्यमंत्री साहेब, इम्युनोथेरपीच्या पेशंटला जुलाब लागले तर तो गॅस्ट्रो समजू नका, एवढं गावोगावच्या डॉक्टरांना सांगा

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी गंगाखेड तालुक्यातला शेतकरी, बीएस्सी झालेला. माझ्या मोठ्या भावाला तोंडाचा कॅन्सर आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे पण त्याला पुडी रोज मिळत होती, ते दुःख वेगळं आहे, त्यावर पुन्हा लिहीन.

मुंबईच्या एका दवाखान्यात त्याला इम्युनोथेरपीचं, म्हणजे अंगातल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं इंजेक्शन सुरू झालं, निवोलुमॅब, कमी डोसचं. परभणीहून रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसायचं, इंजेक्शन घ्यायचं, परत यायचं. तिसऱ्या इंजेक्शननंतर जुलाब लागले, दिवसातून आठ-दहा वेळा. तालुक्यातल्या डॉक्टरांनी गॅस्ट्रो म्हणून सलाईन लावलं, अँटिबायोटिक दिलं, सहा दिवस तेच चाललं आणि माणूस पार वाळून गेला. शेवटी मुंबईला फोन लागला तेव्हा कळलं की हे औषधामुळं आहे, स्टेरॉईड सुरू करा म्हणून. दोन-तीन दिवसांत उतार पडला.

हे का झालं ते मी नंतर वाचून काढलं. आपल्या अंगात प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी असतात, त्यातल्याच काही रेग्युलेटरी, म्हणजे ताबा ठेवणाऱ्या. कोळपणीला बैल उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून आपण मुसकं बांधतो ना, ते काम या पेशींचं. बाकीच्या टी-पेशी शत्रूवर तुटून पडतात, या त्यांना स्वतःच्याच अंगावर जाऊ देत नाहीत. जपानच्या साकागुची यांनी १९९५ ला या पेशी ओळखल्या, २००१ ला ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी त्यामागचा फॉक्स-पी-३ जीन शोधला, आणि २०२५ चं नोबेल या तिघांना मिळालं. आतड्यात अन्न आणि चांगले जंतू शरीर सहन करतं ते यांच्यामुळं, जखमी स्नायू भरून यायलाही या मदत करतात. कॅन्सरची गाठ मात्र याच पेशी स्वतःभोवती गोळा करते, म्हणजे मुसकं बैलाला आणि फायदा गाठीला.

इपिलिमुमॅब हे २०११ ला अमेरिकेत मंजूर झालेलं इम्युनोथेरपीचंच औषध ज्या सीटीएलए-४ नावाच्या ब्रेकवर बसतं तो या पेशींवर भरपूर असतो. माझ्या भावाचं औषध पीडी-१ नावाच्या दुसऱ्या ब्रेकवर बसतं, पण गोष्ट तीच, मुसकं सैल झालं की बैल गाठीवर जातो आणि कधीकधी उभ्या पिकातही तोंड घालतो, मग आतडं सुजतं, थायरॉईड बिघडतं, फुफ्फुसाला सूज येते. अशा वेळी अँटिबायोटिकचा उपयोग नसतो आणि वेळ फार महत्त्वाचा असतो.

साहेब, हे औषध आता फक्त पैसेवाल्यांचं राहिलेलं नाही. टाटा मेमोरियलच्या अभ्यासात, डोक्या-मानेच्या (तोंडाचाही त्यातच येतो) खूप वाढलेल्या कॅन्सरमध्ये, नेहमीच्या २४० ऐवजी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब तीन आठवड्यांतून एकदा गोळ्यांच्या किमोसोबत दिलं, तर वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. म्हणजे तोंडाच्या कॅन्सरचे आमच्याकडचे पेशंट हे औषध घेऊन गावाकडं येणार, आणि रात्री दोन वाजता त्रास झाला की ग्रामीण रुग्णालयातच जाणार, मुंबईला नाही.

म्हणून मागणी एवढीच. इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येक दवाखान्यानं पेशंटला मराठीत एक कार्ड द्यावं, औषधाचं नाव, कोणता त्रास झाला तर काय समजायचं आणि फोन नंबर लिहिलेलं. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात चोवीस तास उचलला जाणारा एक फोन ठेवा, आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या ग्रामीण अन् उपजिल्हा रुग्णालयांच्या डॉक्टरांना एक दिवसाचं ट्रेनिंग द्या. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड कुठल्याही मेडिकलवर मिळतं, पण ते कधी द्यायचं हे समोरच्या डॉक्टरला माहीत पाहिजे.

तोवर मी कार्ड घरीच बनवलंय, वहीच्या कागदावर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. भावाच्या सदऱ्याच्या खिशात असतं.

आपला,
एक भाऊ
ता. गंगाखेड, जि. परभणी