वर्कशॉप संपल्यावर काय करायचं?

वर्धा

प्रिय मित्रा,

मेडिकल एज्युकेशन युनिटचं, म्हणजे कॉलेजातल्या शिक्षकांना शिकवायचं कसं ते शिकवण्याचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार बरं वाटलं. वर्कशॉप झालं तरी शिक्षक आठवड्याभरात जुन्याच पद्धतीवर का येतात, असं तू विचारलंस. तीन दिवस ते ऐकत बसतात. स्वतः शिकवून पाहायची पाळी येते ती शेवटच्या दिवशी, जेवणाआधी घाईघाईत.

म्हणून मायक्रोटीचिंगपासून, म्हणजे छोट्या गटात थोडा वेळ शिकवून पाहण्याच्या सरावापासून सुरुवात कर. गटात सहाच जण घे. प्रत्येकाने सहा मिनिटं शिकवायचं आणि एकच कौशल्य तपासायचं: प्रश्न विचारणं किंवा फळा वापरणं. मोबाइलवर चित्रण कर. आधी शिकवणारा स्वतः बोलेल, मग सहकारी. "छान झालं" म्हणून कुणाला सोडू नकोस. "प्रश्न विचारलात आणि दोन सेकंदांत उत्तरही तुम्हीच दिलंत", असं डोळ्यांना दिसलेलं सांगायचं. त्यानंतर त्याच दिवशी तोच भाग पुन्हा शिकवायचा. या सगळ्याला अडीच तास लागतात. वेळ कमी पडला की नेमकं हे पुन्हा शिकवणं गाळतात, आणि सुधारणा तर तिथेच होते.

वॉर्डात मात्र पाच मिनिटांच्या वर कुणाकडे वेळ नसतो. तिथे 'वन मिनिट प्रिसेप्टर', म्हणजे रुग्णासमोर थोडक्यात प्रश्न विचारत शिकवण्याची पद्धत शिकव. समज, फवारणीच्या दिवसांत एक शेतमजूर आणलाय. उलट्या, घाम, तोंडाला फेस. आधी उपचार सुरू करायचे, प्रश्न त्यानंतरच. मग इंटर्नला विचारायचं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला गॅस्ट्रो, तर लगेच खोडून काढायचं नाही. "कशावरून?" आणि "डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्यास का?" हे विचारायचं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या की तो स्वतःच कीटकनाशकाच्या विषबाधेवर येतो. मग एकच नियम द्यायचा: ॲट्रोपिन (या विषबाधेवरचं औषध) पुरेसं झालं का, हे छातीतली घरघर कोरडी झाली का यावर ठरतं; फक्त बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नाही. त्याने बरोबर काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, चुकलं ते दुरुस्त करायचं. बरेच शिक्षक पहिले दोन प्रश्न टाळून थेट नियमावर येतात आणि राउंडचं लेक्चर होतं.

नेतृत्वाचं म्हणशील, तर मला ते भाषणात दिसत नाही. चार विभागप्रमुखांना (एचओडींना) एका टेबलावर बसवता येणं, हे नेतृत्व. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी ऐकू येतो, तीच केस घे. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, हे बायोकेमिस्ट्रीने सांगायचं. रक्तातली लाल पेशी वाकडी का होते ते पॅथॉलॉजीने, हातपाय का ठणकतात ते मेडिसिनने, लग्नाआधीची तपासणी पीएसएमने (सामाजिक वैद्यकशास्त्राने). पण केस एकच हवी आणि प्रश्नही सगळ्यांनी मिळून काढलेले हवेत. नाहीतर चार जण ओळीने चार लेक्चर देतात आणि त्यालाच इंटिग्रेशन, म्हणजे विषय एकत्र जोडून शिकवणं, म्हणतात. बैठक पाऊण तासाची ठेव, विषय तीनच, आणि उठण्याआधी कोण काय कधी देणार हे नावानिशी लिहून घे. चुकलेल्या सहकाऱ्याशी बोलायचं ते दार लावून. रेसिडेंटसमोर सुनावलेला शिक्षक पुन्हा युनिटच्या वाटेला येत नाही.

आणखी एक. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या सेवाग्रामच्या कॉलेजात प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. तुझ्याकडे मुलं गावात जातील तेव्हा बाहेरून आलेल्या शिक्षकांनाही सोबत पाठव. गावकऱ्यांची बोली समजून हिस्ट्री, म्हणजे आजाराची माहिती, घेणं त्यांनाही शिकावं लागेल.

सिकलसेलची केस लिहिलीस की पाठव. त्यातले प्रश्न मी पाहून देतो.

तुझा,
जुना रूममेट