सुले, त्या चढाईबद्दल

कराड
रविवार, रात्रीचे साडेअकरा

सुले,

आठ महिन्यांत पत्र नाही, फोनही दोन्ही वेळा तूच केलास, तेव्हा आधी शिव्या देऊन घे. दिल्यास? आता ऐक. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, गुडघा पावसाची बातमी रेडिओच्या आधी देतो. झालं.

बंटीनं आणि मी व्हिडिओचं खूळ घेतलंय ते वहिनीनं तुला सांगितलंच असणार. आपले खेळ उद्या कसे असतील, यावर सहा भाग. कॅमेरा म्हणजे बंटीचा मोबाइल, आवाज माझा, पैसे माझ्या भिशीचे. पहिला भाग माती आणि मॅटचा. गोळेश्वर इथं हाकेवर, तेव्हा कुस्तीतल्या खाशाबा जाधवांपासूनच सुरुवात केली. मातीत घडलेला गडी १९५२ मध्ये हेलसिंकीला मॅटवर कांस्य घेऊन आला, मग आता माती गेली म्हणून एवढं रडायचं कशाला, असं मी ठणकावून बोललेय. (आपले सोललेले गुडघे आणि त्यावर सरांनी थापलेली हळद आठवून बोललेय.)

दुसऱ्या भागात तुझं-माझं भांडण आलंय, नाव न घेता. २०१८, जकार्ता, एशियाडमधली कबड्डीची फायनल. इराणच्या पोरींनी आपल्या पोरींना २७-२४ नं हरवलं, तू फोनवर रडत होतीस आणि मी म्हटलं, 'अगं, पण त्यांच्या कोच शैलजा जैन आपल्या नाशिकच्या!' तू दोन महिने बोलली नाहीस. माझं म्हणणं अजून तेच आहे. इथं पुरुषांची लीग २०१४ पासून दिमाखात चाललीय, बायकांना २०१६ मध्ये तीन संघ दिले, एक हंगाम खेळवलं आणि गुंडाळलं. मग नाशिकची बाई तेहरानला जाऊन शिकवेल नाहीतर काय करेल?

असो. पत्र त्यासाठी नाही. पत्र तिसऱ्या भागासाठी आहे.

तो भाग यंत्र पंचाचा. आता बोनस रेषेवरचा अंगठासुद्धा कॅमेऱ्यात तपासतात, निर्णय पटला नाही तर संघाला दाद मागता येते. हांगझोउच्या एशियाडची २०२३ ची पुरुषांची फायनल घेतली होती. २८-२८ असताना आपला पवन सेहरावत चढाईत लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात गेला, त्याच्यामागं इराणचे बचावपटू गेले आणि खेळ जवळजवळ तासभर बंद. जुना नियम एक सांगतो, नवा दुसरं. एवढे कॅमेरे असून शेवटी माणसंच हातवारे करत भांडत होती. तरीही मी मात्र यंत्राच्या बाजूनं लिहिलं. शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं होतं : 'यंत्राला भीडभाड नसते.'

बंटी म्हणाला, 'आत्या, तुमची एखादी जुनी मॅच यंत्रात घालून बघू.' म्हणून माळ्यावरून १९९३ च्या जिल्हा फायनलची कॅसेट काढली. तीच, लग्नाच्या शूटिंगवाल्यानं काढलेली. मध्यंतराला त्यानं बदामाचा आकार उघडून त्यात आपली टीम दाखवलीय! बंटीचं ते ॲप प्रत्येक खेळाडूवर हिरव्या काड्यांचा सांगाडा काढतं. तुझ्या वेणीला ते तिसरा हात समजलं आणि पाण्याच्या पिंपाला आठवा गडी. खूप हसलो.

मग ती चढाई आली. १७-१८, आपण एकनं मागं.

उजव्या कोपऱ्यातल्या पोरीनं तुझा पट काढला, तू पडलीस, दोघी अंगावर, तरी रेटत मध्यरेषेवर हात टाकलास. फक्की उडालेली दिसते. हिरवी काडी रेषेवर. बंटी ओरडला, 'आत्या, पॉइंट होता!' मी म्हटलं, हात पोचलाच होता रे, सरपंचानं, म्हणजे मुख्य पंचानं, दम तुटला म्हणून बाद दिलं. तर पठ्ठ्यानं त्या आवाजातले आवाज वेगळे केले. निघालं काय, तर 'निळ्या लुनावाल्यानं आपली गाडी ताबडतोब काढावी.' तुझा दम लुनाखाली गेला, सुले.

हल्ली दम कोण ऐकतं? तीस सेकंदांचं घड्याळ आलं. परवा मैदानावर नववीतल्या एका पोरीला विचारलं, 'दम कुठाय गं तुझा?' तर म्हणते, 'मॅडम, अजून अकरा सेकंद होते.'

पण मी ऐकला होता. मी मध्यरेषेपासून दोन हातांवर उभी होते. तू पडलीस तेव्हा 'कब'वर अडकलीस, उचकीसारखा श्वास आत गेला आणि मग पुन्हा 'कबड्डी, कबड्डी' सुरू. स्पष्ट ऐकला. आणि सरपंचाच्या अंगावर सगळ्यांच्या आधी मीच धावून गेले. सरपंच झालेल्या त्या मास्तरांच्या सायकलची हवा आपण दोघींनी सोडली, पुढच्या चाकाची तू, मागच्या चाकाची मी. तेव्हापासून तू त्यांच्या नावानं बोटं मोडतेस आणि मी 'हो ना, हो ना' करते. पुढच्या वर्षी तुझं लग्न ठरलं, तू परत मैदानात उतरलीच नाहीस. मग कसं सांगणार होते?

काल आवाज भरायला बसलो. ते भीडभाडीचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. बंटीला वाटलं घसा बसला, खडीसाखर दिली. अकरा वेळा झालं, मग त्यानं कंटाळून दिवा घालवला. त्याला तो तुकडा दाखवायचाच आहे, 'तीस वर्षांनी न्याय मिळाला' म्हणून. भाग चालेल, तुझं नाव होईल, आणि ते मास्तर पुन्हा एकदा चोर ठरतील. त्याला खरं सांगण्याआधी तुला सांगायला हवं होतं. तुलाही कदाचित माहीत असेल. असलं तर तू फारच पक्की आहेस.

चिन्मयच्या नोकरीचं काय झालं? सासूबाईंचा मोतीबिंदू काढला का? नागपुरात कूलर सुरू झाला असेल. भाऊजींना नमस्कार, त्यांचे संत्र्यांचे फोटो मिळाले, संत्री मिळाली नाहीत.

बंटीला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. फोन करू नकोस, मला तुझा आवाज ऐकवणार नाही. दोन ओळी लिही. ते मास्तर वाळव्याकडं मुलाजवळ असतात म्हणे. मे महिन्यात माहेरी येशील तेव्हा जाऊ या का? नसलीस येत तर मी एकटी जाईन, पण मग पुढच्या चाकाचं मी काही बोलणार नाही.

तुझीच,
मंगल

ता. क. त्या बदामाच्या आकारात तू बाहीला नाक पुसताना दिसतेस. तेवढा तुकडा ठेवणार आहे. त्यासाठी परवानगी मागत नाही.