चिनी वेब कादंबऱ्यांतल्या दासींचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत कोरियन मालिकांवर अधूनमधून लिहून येतं ते मी आवडीने वाचते, पण चिनी ऐतिहासिक वेब कादंबऱ्यांवर, म्हणजे इंटरनेटवर प्रकरणाप्रकरणाने येणाऱ्या कादंबऱ्यांवर, कधी काही दिसत नाही, आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुली त्या इंग्रजी भाषांतरातून मोबाईलवर रात्र रात्र जागून वाचतायत, म्हणून हे पत्र. मी म्हणतेय तो प्रकार असा की आजच्या काळातली मुलगी मरते आणि डोळे उघडते ते थेट एखाद्या जुन्या राजवटीत, दुसऱ्याच कुणाच्या तरी शरीरात.

याला सरसकट टाइमपास रोमान्स म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. यातल्या चांगल्या कादंबऱ्यांमध्ये प्रेम फार उशिरा येतं, त्याच्या आधी घर येतं. हुंड्यात आलेली जमीन आणि दुकानं कुणाच्या ताब्यात, सासू सुनेच्या पेट्यांना हात लावू शकते का, लग्नाच्या बायकोची मुलगी आणि उपपत्नीची मुलगी यांच्या वाट्याला कसली कसली स्थळं येतात, हे सगळं इतकं बारकाईने येतं की आपल्याकडची स्त्रीधनाची भांडणं आठवतात. यातल्याच एका गाजलेल्या कादंबरीत, मिंगलानच्या गोष्टीत, नायिका मूळची आजच्या काळातली, कोर्टात कारकून असते आणि जागी होते ती उपपत्नीची लहान मुलगी म्हणून. जन्म दिलेल्या बाईला आई म्हणायचं नाही, आई म्हणायचं ते वडिलांच्या लग्नाच्या बायकोला. आजचं शिक्षण तिथे काही कामाचं नाही, उलट हुशारी लपवूनच राहावं लागतं. या कादंबरीवरच्या २०१८ च्या मालिकेत हा काळ ओलांडायचा धागाच काढून टाकला. त्याआधी २०११ मध्ये चीनच्या प्रसारण खात्याने अशा मालिका इतिहासाशी खेळतात म्हणून उघड नाराजी दाखवली होती. मालिका चांगलीच आहे, पण तो धागा गेला की दोन काळांतला फरक सोसणारं माणूसच गोष्टीतून जातं असं मला वाटतं.

लेखिका तोंग हुआ यांची २००५ मध्ये ऑनलाइन क्रमशः आलेली ‘बू बू जिंग शिन’ ही कादंबरी तर मी सगळ्यांना वाचायला सांगते. नायिका जाते चीनच्या छिंग राजवटीतल्या कांगशी बादशहाच्या दरबारात. १७२२ मध्ये चौथा राजपुत्र गादीवर बसणार आणि आठव्याचे हाल होणार हे तिला माहीत आहे, म्हणून ती जिवापाड प्रेमाने आठव्याला सावध करते, आणि त्या सावध करण्यामुळेच तो चौथ्याच्या विरोधात हालचाली सुरू करतो. इतिहास माहीत असूनही काही वाचवता येत नाही, हे मी इतकं जिवाला लागेल असं दुसरीकडे फार कमी वाचलंय.

पण एक गोष्ट मला खरंच खुपते, आणि ती म्हणजे दासी. नायिका आपल्यासारख्या काळातून आलेली, समानता शिकलेली, पहिल्या काही प्रकरणांत तिला गुडघे टेकायला लाज वाटते, आणि मग घरात तिचा मान वाढला की दासींच्या विक्रीचे करार तिच्याच पेटीत असतात, चुकलेल्या दासीला फटके मारायचा हुकूम तीच देते आणि लेखिका ते तिच्या कर्तबगारीचा भाग म्हणून सांगते. अन्याय फक्त स्वतःवर होतो तेवढाच दिसायचा का? आधी विरोध आणि मग हळूहळू सवय, हे जर लेखिकेने जाणूनबुजून दाखवलं तर ती मोठी कादंबरी होईल, पण बहुतेक ठिकाणी हा प्रश्नच पडलेला नसतो. उपपत्नींचंही तेच, त्या सगळ्या कपटीच, जणू त्यांना विकून कुणी आणलंच नव्हतं.

बाकी दोष लवकर सांगते. या कादंबऱ्या ज्या चिनी साइट्सवर येतात तिथे सुरुवातीची प्रकरणं फुकट आणि पुढची दर हजार अक्षरांच्या हिशोबाने विकत, त्यामुळे जे दोन पानांत संपेल ते वीस प्रकरणं चालतं. इतिहासाची घाईही असते. थांग राजवट ९०७ मध्ये संपली आणि मिरची चीनमध्ये पोचली सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे, तरी थांग काळात झणझणीत रस्सा शिजवणाऱ्या नायिका भेटतातच. पदार्थ, साबण, काच सगळं एकटीने बनवणाऱ्या नायिकेपेक्षा मला ती कोर्टातली कारकून खरी वाटते.

तेव्हा पुरवणीत या कादंबऱ्यांवर लिहून घ्याच अशी विनंती आहे, फक्त ज्याने त्या खरंच वाचल्यात त्याच्याकडून. आणि नायक किती देखणा आणि जोडी किती गोड एवढंच न सांगता त्या घरातल्या दासीचं शेवटच्या प्रकरणापर्यंत काय झालं तेही त्याने लिहावं.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे