कटाडिनची धार आणि बारा माणसं

बॉस्टन

प्रिय मिलिंद,

फोनवर सांगायला घेतलं होतं, पण अर्ध्या तासात मावणारं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितो. कटाडिन चढून आलो! अमेरिकेतल्या मेन राज्यातला सगळ्यात उंच डोंगर, बॅक्स्टर स्टेट पार्कातला. उंची १,६०५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा एक्केचाळीस मीटर कमीच. आकडा ऐकून तू म्हणशील, त्यात काय एवढं? पण चढ ऐक.

रोअरिंग ब्रूकच्या तळावरून आम्ही हेलॉन टेलर नावाची वाट धरली. सुरुवातीला भूर्ज आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं जंगल. मग झाडं खुजी होत जातात, वाऱ्यानं दबून गुडघ्याएवढी होतात आणि शेवटी संपतात. पुढे नुसत्या शिळा. आपला कातळ काळा, शेवाळला की पाय ठरत नाही. इथला ग्रॅनाइट खरखरीत. बूट छान धरतो, पण हातांची सालटी काढतो. पामोला शिखरापर्यंत सावली म्हणून नाही. हा पामोला इथल्या मूळ रहिवासी पेनॉब्स्कॉट लोकांच्या कथांमधला, डोंगराची राखण करणारा: डोकं मूस हरणाचं, धड माणसाचं, पंख गरुडाचे. त्यांच्यासाठी हा डोंगर पवित्र आहे. माथ्यावर देवीचं देऊळ असलेल्या डोंगरावर वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पामोलापासून मुख्य माथ्यापर्यंत जी धार जाते तिला इथे नाइफ एज म्हणतात. पावणेदोन किलोमीटर लांब, काही ठिकाणी जेमतेम तीन फूट रुंद, आणि दोन्ही अंगांना शेकडो फूट दरी. हिमयुगात बर्फाच्या नद्यांनी डोंगर दोन्हीकडून कोरत आणला आणि मध्ये एवढीच भिंत उरली. सुरुवातीलाच एक खोल खाच आहे. तोंड कातळाकडे करून उतरायचं, पाय चाचपत खोबण शोधायची, आणि लगेच समोरची भिंत चढायची. अलंग-मदनच्या किल्ल्यांवर आपण दोर लावला होता. या धारेवर ना दोर, ना रेलिंग. ऑफिसातले दोघे बरोबर होते. त्यांतल्या एकाला उंचीची भीती वाटली आणि त्यानं पामोलावरूनच परत फिरायचं ठरवलं. दुसरा त्याच्या सोबतीला उतरला. मला त्या दोघांचा फार आदर वाटला. शिखर हाताशी दिसत असताना मागे फिरणारा माणूस डोंगरात कमी भेटतो.

माथ्यावर एक लाकडी फलक आहे. अ‍ॅपलाचियन ट्रेल ही दक्षिणेत जॉर्जियात सुरू होणारी, साधारण साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट या फलकापाशी संपते. मी बसलो असताना एक मुलगी आली. कित्येक महिने चालत आली होती. तिनं फलकावर कपाळ टेकलं आणि रडली. आसपासचे सगळे आपोआप बाजूला झाले. कुणी फोटोसाठी घाई केली नाही.

आता तुला खरं सांगायचं ते. हा डोंगर एका माणसानं विकत घेऊन लोकांना दिला आहे. पर्सिव्हल बॅक्स्टर १९२१ ते १९२५ मेनचे गव्हर्नर होते. राज्यानं कटाडिन विकत घ्यावा म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं, विधिमंडळ तयार झालं नाही. मग पद गेल्यावर, १९३०मध्ये, कागद कंपनीकडून स्वतःच्या पैशानं सुमारे सहा हजार एकर घेतले आणि राज्याच्या हवाली केले. तिथे थांबले नाहीत. १९६२पर्यंत तुकडा-तुकडा जोडत दोन लाख एकर केले, वर देखभालीसाठी निधी ठेवला. अट एकच: हे रान कायम रानच राहिलं पाहिजे. आजही आत वीज नाही, नळ नाही, डांबरी रस्ता नाही. कचरा ज्याचा त्यानं परत न्यायचा. गाड्यांच्या जागा मोजक्या आणि आधी राखायच्या; सकाळी सातपर्यंत फाटकावर पोचला नाहीस तर तुझी जागा दुसऱ्याला. सहा वर्षांखालच्या मुलांना झाडं संपतात त्याच्या वर नेता येत नाही. आणि एका गटात जास्तीत जास्त बारा माणसं.

हा बाराचा आकडा मी तुझ्यासाठी लक्षात ठेवलाय. तू ट्रेक न्यायला लागलास, उत्तम नेतोस, पण पावसाळ्यात पन्नास-पन्नासच्या बसेस भरतात हे तूच सांगितलंस. ओल्या कातळात, एकाच शिडीवर, खाली-वर दोन रांगा. तिथे एकाचा पाय घसरला तर तुझ्या हातात काय राहतं? शिवाय त्या गर्दीत डोंगर कुणाला दिसतो? तू बारा जण ने, मिलिंद. पैसे कमी मिळतील, मला कळतं. फी थोडी वाढव, बारी किंवा पाचनईसारख्या पायथ्याच्या गावात कुणाच्या घरी जेवण ठेव, म्हणजे त्यातला वाटा गावात राहील. वाट पाहायला लागली तरी माणसं येतील, कारण तुझ्यासारखं खडक वाचायला शिकवणारे थोडे आहेत. तुझ्याकडून मी चढायला शिकलो, म्हणून हक्कानं लिहितोय.

परतताना सॅडल नावाच्या वाटेनं चिमनी पाँड या तळ्यापाशी उतरलो. सगळा फेरा सोळा किलोमीटरचा, गुडघे अजून बोलताहेत.

पुढच्या सप्टेंबरात तू ये. महिनाअखेरीला इथली मेपलची पानं लाल होतात आणि दगड बहुधा कोरडे असतात. राज्याबाहेरच्यांना गाडीची जागा दोनच आठवडे आधी राखता येते, ते मी बघतो. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मात्र आत्ताच घे, त्याला वेळ लागतो. वहिनींना आणायचं असेल तर तसं कळव. त्यांच्यासाठी चिमनी पाँडपर्यंतची वाट त्यामानानं सोपी आणि सुरेख आहे.

काकूंना नमस्कार. बारा जणांचं काय ठरवतोस ते लिही.

तुझा,
श्रीकांत